उजवीकडचं दूध

कामिनीताईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "अभिनंदन, कोकिळाताई. तुमच्या समाजाची बाई राष्ट्रपती झाली." मी म्हणाले, "थँक्यू." पेढा अर्धा तोंडात होता, आणि थँक्यू हा शब्दच असा की तो आधी निघून जातो, आपण मागाहून पोचतो. कामिनीताई आमच्या बिल्डिंगच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना अजून दोन मजले वाटायचे होते. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून वर गेला, वरच्यांची बेल वाजली, आणि मी दारातच उभी. माझा समाज म्हणजे कोणता? मी नरडाण्याजवळच्या खेड्यातली, कापूस-बाजरीवाल्या पाटलांच्या घरची मुलगी. सासरही पाटील, म्हणजे लग्नात आडनाव बदलायचेही कष्ट पडले नाहीत. जळगावात संसार करून मुलं मोठी करून झाली. टीव्हीवर त्या बाई लाल गालिच्यावरून चालताना मीही पाहिल्या होत्या, देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती, आणि मलाही बरं वाटलं होतं. पण ते आपलं कोणाचंही चांगलं झालं की वाटतं तसं. अभिनंदन घेण्याइतकं नव्हतं. आता ते घेऊन झालं होतं, आणि पेढा तर परत करता येत नाही.

आत येऊन ओट्याशी उभी राहिले तेव्हा उलगडलं. चुडामण. दर राखीला माझा भाऊ चुडामण नरडाण्याहून येतो. तिथल्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे. मागच्या वर्षी राखीआधीही एकदा तो आदिवासी दिनाच्या मोर्च्यातून परस्पर आला होता, अंगात पिवळा टीशर्ट, छातीवर धनुष्यबाण आणि 'जय आदिवासी'. आम्ही जिन्यात अहिराणीत बोलत उभे होतो, तेवढ्यात कामिनीताई वरून उतरल्या. "कोण हे?" मी म्हटलं, "भाऊ." त्यात खोटं काही नव्हतं. कामिनीताई बदलीच्या निमित्तानं पुण्याकडून आलेल्या. अहिराणी ही त्यांच्या कानाला जंगलातलीच वाटली असणार. आणि मग माझा रंग. भाऊ, भाषा आणि रंग, तिन्ही साक्षीदार एकाच बाजूचे. कोर्टात गेलं असतं तरी निकाल माझ्याविरुद्ध लागला असता.

रंगाचं मला लहानपणापासून माहीत होतं. घरात सगळी माणसं गव्हाच्या रंगाची आणि मी तव्याखालची. गल्लीत मला 'काई कोकी' म्हणायचे, म्हणजे काळी कोकिळा; आईबापांनी नाव ठेवताना फार लांबचा विचार केला नसावा. आत्या साय-पीठ चोळायची आणि चोळताना म्हणायची, "दूधनाच गुन शे हाऊ." या दुधाचाच हा गुण. दुधाचं पुढे कोणी काही बोलायचं नाही. ते मला फार उशिरा कळलं, माझ्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा, आणि घरच्यांनी नाही, तानुबाईनं सांगितलं. तानुबाई म्हणजे आमचा सालदार, सालगडी, झुलाल, त्याची बायको. गावाबाहेर भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, राहायची. बहात्तरचा दुष्काळ, आईला विषमज्वर झालेला, दूध आलंच नाही. गाई चाऱ्याला छावणीत गेलेल्या. मी मरणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. तेव्हा घरातल्या मोठ्या बायकांनी झुलालला सांगून तानुबाईला बोलावलं; तिला दीड महिन्याचा चुडामण होता. गोठ्याच्या खुंटीला एक वेगळं लुगडं टांगलेलं असायचं. तानुबाईनं यायचं, हौदावर आंघोळ करायची, ते लुगडं नेसायचं, गोठ्यातच बसून मला पाजायचं, पुन्हा आपलं लुगडं नेसून मागच्या दारानं जायचं. तिच्या हातचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं. दूध चालत होतं. हे सांगताना तानुबाई हसत होती. "उजवं तुनं, डावं चुडामणनं," ती म्हणाली, "वाटनीच करेल व्हती मी. नही तं तू बठ्ठं पी लेती." नाहीतर मी सगळंच पिऊन टाकलं असतं. वर्ष-सव्वा वर्ष चाललं ते. नंतर लुगडं कोणी कुठं टाकलं कोण जाणे. मला पाहायला पाहुणे यायला लागले तेव्हा तर घरात सक्त ताकीद होती, हा विषय काढायचा नाही. आधीच रंग, त्यात हे. आईनं मात्र मरेपर्यंत दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तानुबाईला नवं लुगडं दिलं. मागच्याच दारानं दिलं, पण दिलं. आई गेल्यावर मी राखी सुरू केली. घरी काय सांगितलं? सालदाराचा मुलगा, लहानपणापासून भाऊ मानते. एवढं पुरत होतं. पुरत होतं म्हणजे कोणी पुढे विचारत नव्हतं.

आता विचारायला लागले. त्या महिन्यात राज्यातलं सरकार नुकतंच पालटलेलं, आणि आमच्या बिल्डिंगीचेही दोन तुकडे झाले होते. आधी एकच व्हॉट्सअॅप ग्रुप होता, 'आपली सोसायटी'. त्यातून भांडून निघालेल्यांनी 'आपलीच सोसायटी' काढला. दोन्हीवर गुलाबाची फुलं आणि सुप्रभात सारखंच यायचं, फक्त एकमेकांना यायचं नाही. राष्ट्रपतींची निवड झाली तशी पहिल्या ग्रुपवर दिवे, तिरंगे आणि 'हीच खरी प्रगती'. दुसऱ्यावर 'नुसता देखावा आहे, जंगलं कोणी विकली ते विचारा'. आणि दोघांनाही एकदम आठवलं की आपल्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक आहेच की. कामिनीताईंनी ठरवलं, नऊ ऑगस्टला आदिवासी दिन असतो, खालच्या देवळाच्या सभागृहात कोकिळाताईंचा सत्कार करायचा. दुसऱ्या बाजूनं तिसऱ्या मजल्यावरचे नीलेश सर आले. कॉलेजात शिकवतात, माझ्या मुलाच्या वयाचे, बोलताना चष्मा पुसतात. "शाल घेऊ नका, मावशी. ते तुम्हाला वापरून घेतील. त्यापेक्षा आपण निवेदन देऊ. तुमच्या पाड्यावर पाणी येतं का?" माझा पाडा म्हणजे दुसरा मजला. मी म्हटलं, "दोन दिवसांआड येतं, सर. तुमच्याकडेही तेव्हाच येतं." ते म्हणाले, "बघा, तुम्ही अजूनही घाबरताय."

तेव्हाच सांगून टाकायला काय झालं होतं? जिभेवर वाक्य तयार होतं: मी आदिवासी नाही. पण ते वाक्य बाहेर काढायला गेलं की त्याच्या पाठोपाठ दुसरं यायचं: मग तो भाऊ कोण? पहिलं एकटं सोडलं तर ते चुडामणला जिन्यावरून ढकलल्यासारखं. दोन्ही सोडायची तर गोठ्यातलं लुगडं आमच्या बैठकीत येऊन पडणार, सासूबाईंच्या पुढ्यात. हितेंद्रला, म्हणजे आमच्या ह्यांना, मी नुसतं सत्काराचं सांगितलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "घे की शाल. तुला थंडी वाजतेच." सासूबाई इंदिराबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या, त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली.

आणि त्या पंधरवड्यात मला काय काय मिळालं. लोक माझ्याशी सावकाश बोलायला लागले, जरा मोठ्यानं, प्रत्येक शब्द सुटा करून, जसं आपण परक्या गावच्या माणसाला पत्ता सांगतो. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी माझ्यासाठी लिफ्टचं बटण दाबून दिलं आणि ते कसं दाबायचं तेही दाखवलं. त्या लिफ्टमधून मी चार वर्षं भाजी वर आणते आहे. एकीनं गुडघ्यासाठी जडीबुटी विचारली. मी तिला मेडिकलमधल्या मलमाचं नाव सांगितलं, तर ती डोळा घालून म्हणाली, "बाहेर सांगत नाहीत ना तुमच्यात? समजते मी." कोणी म्हणालं, तुम्ही लोक निसर्गाच्या किती जवळ. कामिनीताईंनी विचारलं, तुमचं ते साखळी धरून नाचतात ते बसवू या का. सगळे गोड होते. कोणी वाईट बोललं असतं तर मला सोपं गेलं असतं. रागावायला कुठं कोपराच नव्हता, आणि तरी कानांमागे सतत काहीतरी तापल्यासारखं व्हायचं. मेहरूण तलावावर सकाळी फिरताना मला तानुबाई दिसायची, आमच्या परसात भिंतीला टेकून उभी, हनुवटी छातीशी, आणि आमच्या बायका तिला मोठ्यानं, सावकाश, सुटं सुटं सांगताहेत: दोन. पायल्या. बाजरी. ने. ती बहिरी नव्हती. मी ती हनुवटी लहानपणी लाज समजत असे. आता वाटलं, ती हसू आवरत असेल. किंवा कान तापले की मान आपोआप खाली जात असेल; माझी जात होती. मला हा सगळा गोडवा नमुना म्हणून फुकट मिळत होता, नको झाला की परत करता येणारा. चुडामणला तो परत कुठं करायचा?

शेवटी त्यालाच फोन लावला. सगळं ऐकून तो इतका हसला की मागं कोणीतरी त्याला विचारलं, काय जायं. मग म्हणाला, "अक्का, पडताळनी व्हयनी का तुनी? मन्ही रूपालीनं जातनं प्रमाणपत्र दोन वरीसफाईन अडकेल शे. तुले बरं पेढासंगे भेटनं." माझ्याहून दीड महिन्यानं मोठा, पण मला अक्का म्हणतो, पाटलांच्या घरची म्हणून त्याला लहानपणी तसंच शिकवलेलं. मी म्हटलं, थट्टा पुरे. तो म्हणाला, "थट्टा नही. बोगस आदिवासी भलता व्हयेल शेत, त्यामा आते तू एक." त्याची मुलगी रूपाली नर्सिंगला जायचं म्हणून बसून आहे. झुलालचा बाप कुठल्या गावचा, याचा कागद मागतात. झुलालच्या बापाला गाव होतं, कागद नव्हता. मी विचारलं, तुला काय वाटलं रे, त्या बाई झाल्या तेव्हा? फोनमधली यंत्राची घरघर दूर गेली; तो बाहेर आला असावा. "बरं वाटनं. खरं सांगस, डोयाले पानी उनं. ती चाले ना, ती मन्ही मायगत चाले. दुसरा दिन उठनू तं नळले पानी नव्हतं. दोन्ही खरं शे, अक्का." मग आवाज उतरला. "तू मन्हं नाव ले, नही तं नको लेऊ, तुन्ही मर्जी. पन मन्हा नाववर शाल नको लेऊ."

मला हेच हवं होतं बहुतेक, कोणीतरी इतकं साधं सांगायला. सत्काराच्या आदल्या संध्याकाळी मी कामिनीताईंकडे गेले. त्यांच्या बैठकीत हार, नारळ, झेंडूच्या पिशव्या. मी उभ्या उभ्या म्हटलं, "ताई, मी आदिवासी नाही. चुडामण माझा दूधभाऊ आहे. त्याच्या आईचं दूध पिऊन मी जगले." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग झेंडूकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं त्या चिडतील. त्या रडवेल्या झाल्या. "अहो, बॅनर छापलाय. माजी नगरसेवक येताहेत. आता एका रात्रीत मी दुसरी आदिवासी बाई कुठून आणू?" मग माझा हात धरून, खरोखर मायेनं, म्हणाल्या, "तुम्ही काही बोलूच नका ना. शाल घ्यायची, नमस्कार करायचा, बसायचं. दाखला कोण मागतंय?" घरी येताना जिन्यात मला हसू आलं आणि मग ते थांबेना. दाखला कोण मागतंय. रूपालीकडे सगळं खरं आहे, फक्त दाखला नाही. माझ्याकडे काहीच खरं नाही आणि दाखला कोणाला नकोय.

दुसऱ्या दिवशी सभागृहात गेले तर बॅनरवर मी. 'आदिवासी भगिनी सौ. कोकिळाताई पाटील', आणि बॅनरवाल्यानं सवयीनं माझा रंग उजळून दिलेला. आत्याला जन्मात जमलं नाही ते त्यानं एका रात्रीत करून दाखवलं होतं. मला गालिचा घातलेल्या खुर्चीवर बसवलं. समोर पन्नासेक खुर्च्या, एका बाजूला 'आपली', दुसऱ्या बाजूला 'आपलीच', मधे वाटेपुरती जागा. नीलेश सर विरोध नोंदवायला आले होते, शेवटच्या रांगेत चष्मा पुसत. पहिल्या रांगेत हितेंद्र आणि सासूबाई. माजी नगरसेवक बोलायला लागले. देश कुठून कुठं गेला, पूर्वी ही माणसं गावाबाहेर असायची, आज बघा. "फार भोळी असतात हो ही माणसं. दिलं तेवढ्यात सुखी." माझ्या नाकात झेंडूचा वास आणि त्याच्या खाली, कुठून कोण जाणे, गोठ्याचा. मला ते दूध आठवत नाही. कोणालाच आठवत नसतं. ज्यावर हाडं उभी राहिली ती चव जिभेला ठाऊक नाही, आणि जन्मभर आभार मानायचे ते त्या न आठवणाऱ्याचे. मागच्या दारानं, लुगड्यानं, राखीनं, हळू आवाजात. 'ही माणसं' म्हणताना नगरसेवकांचा हात माझ्याकडे होता. मी त्या हाताच्या रोखानं मागे वळून बघितलं असतं तर तिथे तानुबाई उभी असती, हनुवटी छातीशी. आणि मी तिच्या पुढे, तिच्या जागेवर, गालिच्याच्या खुर्चीत.

कामिनीताईंनी शाल उलगडली तेव्हा मी उठून माईकपाशी गेले. मी भाषण कधी केलेलं नाही. माईकला तोंड फार जवळ लागलं, आपलाच श्वास सगळ्या सभागृहात. म्हटलं, "मी आदिवासी नाही. मी पाटलांची आहे. आमच्या गावची तानुबाई भिल्लीण आहे, तिनं तिच्या मुलासोबत मलाही पाजलं, म्हणून मी आहे. तो मुलगा इथं राखीला येतो, तो माझा भाऊ. तुमची शाल मला घेता येत नाही. पेढा खाल्ला, त्याबद्दल आभारी आहे." मला शेवटचं वाक्य म्हणायचं नव्हतं, पण आभार मानायची सवय, तोंडातून निघून गेलं. कोणीतरी एक टाळी वाजवली आणि दुसरी वाजेना म्हणून थांबलं. नगरसेवक मोबाइल बघायला लागले. शाल उलगडलेलीच होती, ती शेवटी त्यांच्याच खांद्यावर गेली.

त्या संध्याकाळी दोन्ही ग्रुपवर एकच शब्द आला: फसवणूक. महिनाभर एकमेकांच्या पार्किंगमध्ये गाडी आडवी लावणारे लोक खाली एकत्र उभे राहून माझ्याबद्दल बोलत होते, सुपारी देत-घेत. बिल्डिंगीत एकी झाली ती माझ्यामुळे. त्याचे कोणी आभार मानले नाहीत, पण मी मानले, खिडकीतून, मनातल्या मनात. इतक्या दिवसांनी माझ्याशी कोणी सावकाश बोलणार नव्हतं. फक्त नीलेश सर वर आले. दारातच म्हणाले, "मावशी, त्या रूपालीची कागदपत्रं बघू का मी? कॉलेजात मी ते काम करतो." तिचं नाव मी त्यांना कधी सांगितलं ते मला आठवेना, मग आठवलं, सभागृहातून परतताना जिन्यात, रडता रडता, कामिनीताईंनाच सगळं सांगत सुटले होते. म्हणजे कामिनीताई तिसऱ्या मजल्यावर गेल्या होत्या. दुसऱ्या ग्रुपच्या माणसाकडे, स्वतःहून.

उरल्या सासूबाई. जेवणं झाली, हितेंद्र गच्चीवर गेले, मी भांडी आवरत होते, आणि पाठीमागून इंदिराबाईंचा आवाज. "माईकात एवढं तोंड घालू नये. फुसफुस ऐकू येतं." मी म्हटलं, "आई, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं." "काय राहिलं होतं? तुला पाहायला आलो तेव्हाच बसस्टँडवर चहावाल्यानं सांगितलं होतं. पाटलांच्या पोरीला भिल्लिणीनं पाजलंय म्हणे." माझ्या हातातलं पातेलं तसंच. "मग?" "मग काय. रंगावरून मी नाहीच म्हणणार होते, खरं सांगते. हितूचे मामा म्हणाले, चला परत. मी म्हटलं, दुष्काळात दोन पोरं पाजणारीचं दूध आहे, पोरगी धट्टीकट्टी असेल. आमच्या घरी कामं काय कमी होती?" आणि वाती वळायला लागल्या. तीस वर्षं मी ज्या गोष्टीची झाकपाक केली तिच्या जोरावर मी या घरात आले होते. हसावं की काय करावं कळेना. मी पातेलं पुन्हा घासलं. ते स्वच्छच होतं.

दोन दिवसांनी राखी होती. मी चुडामणला सांगितलं, तू येऊ नको, मी येते. जळगावहून सुरतेकडच्या गाडीत बसलं की अमळनेर जातं आणि मग नरडाणा. आता तिथे दोन रूळ झालेत, वर विजेच्या तारा. पूर्वी समोरून गाडी यायची म्हणून आमची तासन्‌तास उभी राहायची आणि माणसं उतरून शेंगा घेऊन यायची. आता कोणी शेंगा घ्यायला उतरू शकत नाही. प्रगती असते, हे मी नाकारत नाही; खिडकीशी बसून तिच्यातूनच चालले होते. दोन्हीकडे कपाशी गुडघ्याला लागलेली. माहेरी मी आयुष्यभर पाटील गल्लीपर्यंत जात आले. भिलाटीचा रस्ता मला विचारावा लागला, माझ्याच गावात, एका मोटारसायकलवाल्याला. तो म्हणाला, "तठे कोनाकडे जानं शे?" मी म्हटलं, "मायकडे."

तानुबाई ओट्यावर बाजेवर बसली होती. ऐंशीला टेकली असेल. अंगाचं सगळं पाणी आटून नुसता सांगाडा आणि डोळे. मी पाया पडले. "कोन, कोकी का? काई पडनी वं," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी काळीच होते, माय." चुडामणला ओवाळलं, राखी बांधली. त्यानं डब्यातला पेढा माझ्या तोंडाजवळ नेला आणि थांबला. "खाय, अक्का. हाऊ बिनदाखलाना शे." मग त्यानं आईला सभागृहातली सगळी गोष्ट सांगितली, थोडी वाढवून, त्यात मी माईक फेकून दिला होता. तानुबाईनं ऐकून घेतलं. "खरं सांगं ना? बस. मी दूध पाजं, जात नही पाजी." चुडामण राखीकडे बघत म्हणाला, "पाजती तं आज ती बी आठेच राहती." इथेच, म्हणजे भिलाटीत. आत रूपाली भाकरी थापत होती, तिचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मी म्हटलं, "माय, तुझं कसं फेडू?" हे वाक्य मी गाडीत अमळनेरपासून मनात घोळवत आणलं होतं. तिला ते कळलंच नाही. "कसानं?" दुधाचं म्हटल्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी हिशेब उलटा धरलाय. "वं, चुडामणना पहिले दोन गयात मन्हा. दुष्काय. मन्हा आंगमा काय व्हतं? तुले पाजानं म्हनीसन तुन्हा घरथीन मले घहू ये, गूळ ये. तू व्हती म्हनीसन हाऊ वाचना. मीच म्हने, ह्या पोरनं कसं फेडू." म्हणजे आधीची दोन गेलेली, आणि माझ्या निमित्तानं आलेल्या गव्हा-गुळावर तिसरा वाचलेला. मला फार बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची शंका आली; इतकं सोयीचं खरं असतं का? गहू दिला होता, तो गोठ्याच्या दारात दिला होता. पण तानुबाई सोयीसाठी बोलत नव्हती. तिला तेवढंच आठवत होतं: दोन पोरं, उजवं-डावं, आणि दोन्ही जगली. तिचा हात मी हातात घेतला. इतक्या वर्षांत मी तो हात कधी धरलेला नव्हता, आणि तरी तो ओळखीचा निघाला. माझ्या अंगाला आठवत असेल, मला नसेल.

"ती बाई दखाड ना," ती एकदम म्हणाली. "हाऊ म्हनस मन्हागत चालस." मी मोबाइलवर शपथविधी लावला. तिनं तो डोळ्यांपाशी धरला, पदरानं पुसला, पुन्हा धरला. त्या बाई चालत होत्या, पांढरी साडी, हात जोडलेले. "कितली वरीसनी शे?" मी म्हटलं, चौसष्ट. "मन्हापेक्षा ल्हान शे." मग, "तिनी माय शे का जित्ती?" मला माहीत नव्हतं. एवढं सगळं दोन्ही ग्रुपवर वाचलं, हे कोणी विचारलं नव्हतं. तानुबाईनं पडद्यावर बोट ठेवलं, चित्र थांबलं. तिला वाटलं तिनं मोडलं. चुडामण म्हणाला, नही माय, तुन्हासाठे थांबनी. तेव्हा तिनं मोबाइल बाजेवर नीट ठेवला, दोन्ही तळवे त्या थांबलेल्या चेहऱ्यावरून उतरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग माझ्याकडे वळली. माझ्या तोंडावरून हात उतरवताना तळव्याची साल लागत होती, खरखरीत, कोमट. बोटं कडाकडा मोडली.

"मन्ही काढ ना," चुडामण तोंड पुढे करून म्हणाला, पन्नाशीचा माणूस, मनगटावर माझी चमकीची राखी.

"तुले कोन नजर लावी रे," तानुबाई म्हणाली. आणि त्याचीही काढली. ती सगळ्यात सावकाश.